आमापाट रिकामं होताना

नवमीचा स्वयंपाक जया कुणाच्या हातात देत नसे. पितृपक्षातली ही नवमी नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची, आणि कापगत्यांच्या घरात अशी बाई एकच होती: रुक्मा. गुलाबरावांची पहिली बायको, बाबुलालची सख्खी आई. आमापाटच्या डोंगरावरच्या टीबी सॅनेटोरियममध्ये बावन्न वर्षांपूर्वी वारली, एवढंच बाबुलालच्या बायकोनं, दिपालीनं, लग्न होऊन आल्यावर ऐकलं होतं. फोटो नव्हता. तरी तिच्या सासूबाई, जया, दरवर्षी पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन उडदाचे वडे, कढी, खीर असं सगळं रांधायच्या. सवतीसाठी एवढं कोण करतं, असं दिपालीला एकोणतीस वर्षं वाटत आलं होतं.

या वर्षी सवाष्ण म्हणून रेणूच आली होती. जयाची पोटची ही एकच लेक, नंदिनी नगर या खाणीजवळच्या वसाहतीत राहायची. नवरा चुनखडीच्या खाणीत होता. भिलाई स्टील प्लँटच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत गुलाबराव दिवाणावर टेकून बसले होते. बाबुलालनं ब्लास्ट फर्नेसमधून सुट्टी घेतली होती आणि ओल्या पंच्यानं तो अंगणात पान ठेवायला निघाला होता. तेवढ्यात त्याच्या मुलाची, मोहितची, मोटरसायकल फाटकाशी थांबली.

पोरगा तीन महिन्यांपासून आमापाटलाच होता. तिथली जुनी इमारत रायपूरच्या एका कंपनीनं घेतली होती, आणि मोहित त्यांचा साइट सुपरवायझर. दिवाळीशिवाय येणार नाही म्हणाला होता.

"पप्पा, रुको," तो बूट न काढताच आत आला. "ते पान नका ठेवू."

"कावून रे?" जया कढईसमोरून वळली. "का झालं?"

मोहितनं आजीकडे पाहिलं, मग बापाकडे. "ती मेली नाही. जिंदा है. मी काल तिच्या हातचा चहा पिऊन आलो."

 कढईतला वडा करपत होता. दिपालीनं जाऊन गॅस बंद केला.

*

मोहितनं रस्ताभर ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं. पण चार तास गाडी चालवून आल्यावर हळूहळू काही उरलं नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. आमापाटला मुख्य इमारतीच्या मागे जुना रसोडा आहे, सॅनेटोरियमचं स्वयंपाकघर. त्याला लागून एक खोली. त्या खोलीत एक म्हातारी राहते. गावातले तिला रुक्मा आया म्हणतात. ती आधी तिथं पेशंट होती, बरी झाल्यावर वॉर्डात आया म्हणून राहिली. पुढं टीबीला गोळ्या आल्या, डोंगरावर येणारे पेशंट कमी होत गेले आणि सॅनेटोरियम बंद झालं. मग सरकारनं तिथं आदिवासी मुलींचं वसतिगृह काढलं. ही मुलींचा भात शिजवायची. मग मुलींना खाली नव्या बिल्डिंगमध्ये नेलं आणि वर सुरक्षा दलाची तुकडी आली. आठ वर्षं व्हरांड्यात वाळूची पोती होती. ही त्यांच्या मेसमध्ये भांडी घासायची. ते गेले, मग काही वर्षं कुणीच नव्हतं. तेव्हाही ही तिथंच होती.

"आता रिसॉर्ट होऊन राहिलं. वेलनेसवालं," मोहित म्हणाला. "मालिशच्या खोल्या, योगा हॉल. दसऱ्याच्या आत मागचं सगळं पाडायचं हाये. कंपनी म्हणे, बुढीले खोली खाली करायले लाव, फॉर्मवर अंगठा घे. मी फॉर्म भरायले आधार मांगितलं."

त्यानं मोबाइल पुढं केला. कार्डाचा फोटो होता. रुक्मा कापगते. खाली पतीचं नाव, गुलाबराव कापगते.

"कापगते आडनावाचे खूप असतात," रेणू म्हणाली. तिच्या आवाजातच तिचा विश्वास नव्हता.

"मी विचारलं, आजी, गाव कोणतं? लाखांदूरकडचं म्हणाली. नवरा भिलाईच्या प्लँटात होता म्हणाली. मी विचारलं, पोरंबाळं? म्हणाली, एक होता. मग माझं धाडस नाही झालं. माझं नाव तिले मोहित एवढंच माहीत हाये."

बाबुलालनं मोबाइल हातात घेतला. छप्पन्न वर्षांच्या त्या माणसानं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कितीतरी वेळ तसाच पाहत राहिला. मग तो पुढच्या खोलीत गेला आणि मोबाइल बापाच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, ही कोण?"

*

गुलाबरावांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण चष्मा मागायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं. बावन्न वर्षांत त्यांनी या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार केली होती, पण आता त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

"हाव," ते म्हणाले. "तीच असन."

"तुमाले माहीत होतं?"

"बस ना बाबू."

"मी उभाच बरा हाये. माहीत होतं का?"

"माहीत होतं."

बोलता बोलता त्यांचा हात चादरीची घडी मोडत, पुन्हा घालत राहिला. थंडीचे दिवस होते, ते सांगू लागले. डोंगरावरून निरोप आला की बाई रक्ताच्या उलट्या करते, भरवसा नाही. तू तेव्हा दोन वर्षांचा, नाही, तीन वर्षांचा. माझी माय म्हणाली, गेलीच समज. गावात तिनं सांगून टाकलं, गेली म्हणून. बीमारीचं मढं दवाखान्यानंच जाळलं म्हणून सांगितलं. तेरवी केली. वैशाखात जयाशी लग्न लावलं.

"तुमी म्हणाले नाई, की थांबा, पाहून येतो?"

"नाई म्हणालो."

"मंग?"

"मंग पावसाळ्यात दवाखान्याचं पत्र आलं. बाई बरी झाली, घेऊन जा." गुलाबरावांचा आवाज खाली गेला. "मी गेलो होतो, बाबू. मी गेलो नाई असं नोको समजू. फाटकापर्यंत गेलो. ती व्हरांड्यात दुसऱ्या एका बाईची वेणी घालून देत होती. तब्येत चांगली दिसत होती. चांगली भरली होती. मी फाटकाले हात लावला आन…"

"आन?"

"घरी नवी बायको होती. शेजारी क्वार्टरवाले, टीबीची बाई आली म्हणून पाणी नसते भरू देत. तवाचं तुले माहीत नाई. मी आलो परत."

"तिनं पाह्यलं तुमाले?"

गुलाबरावांनी चादरीची घडी पुन्हा मोडली. बाबुलालनं पुन्हा विचारलं नाही. पन्नास वर्षं त्यानं या माणसाचे पाय दाबले होते. गावाकडून आलेला एक गरीब माणूस, बायको मेली तरी मोडला नाही, भट्टीपुढं उभा राहून पोरं वाढवली, असं तो मोहितला लहानपणी सांगायचा. तो मागे वळला. दारात जया उभी होती. तिचे हात पिठानं भरलेले होते.

"माय," बाबुलाल म्हणाला, "तुले आन मले, दोघायले फसवलं या माणसानं. तू दरसाल पान लावत राह्यली. जित्या बाईले."

रेणूनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. घरातली चार माणसं एका बाजूला आणि दिवाणावरचा म्हातारा एकटा, असं क्षणभर झालं. दिपालीला वाटलं, आता असंच राहील.

*

जयानं हात धुतले नाहीत. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मले नोको घेऊ तुह्या बाजूनं, बाबू," ती म्हणाली.

"का म्हणून राहिली तू?"

"मले बी माहीत होतं."

हे वाक्य तिनं कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आता म्हटल्यावर ते किती छोटं आहे याचंच तिला नवल वाटलं. तिनं पुढं सांगितलं तेव्हा ती कुणाकडेच पाहत नव्हती. रेणू चार वर्षांची होती, बाबू अकराचा. दुपारी पोस्टमन आला. हे प्लँटात होते. पोस्टकार्डावर आमापाटचा शिक्का, आणि खाली नाव रुक्मा. मी चौथी शिकलेली. नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं, आन पुढं वाचायची माझी हिंमतच नाही झाली. शेगडी पेटलेलीच होती.

"जाळलं?" रेणूनं विचारलं.

"जाळलं."

"यायले नाई सांगतलं?"

"यायले कसं सांगू? हे तिले आणतीन, असं वाटलं. मंग माझं का? तुह्यं का? मी कोण मंग या घरात?" जयानं पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. गुलाबराव तिच्याकडे असे पाहत होते, जणू ही बाई त्यांच्या घरात आत्ताच आली आहे. पंचेचाळीस वर्षं दोघं एकाच खाटेवर, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत झोपले होते.

"आन तरी पान लावत होती?" बाबुलालचा आवाज आता ओरडल्यासारखा नव्हता, त्यात नुसतं आश्चर्य होतं.

"मंग दुसरं का करू शकत होतो मी तिच्यासाठी?" जया म्हणाली. "मनातल्या मनात माफी मांगत होतो. मेली समजून मांगणं सोपं जाते, बाबू."

रेणूनं आईच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. काढल्यावर तिला तो कुठं ठेवावा हे सुचेना. बाबुलाल ओल्या पंच्यातच अंगणात जाऊन उभा राहिला. जाताना उचललेलं पान त्यानं कट्ट्यावर ठेवलं आणि कावळे यायच्या आत परत उचललं.

मग दिपालीच बोलली. "पाडणार कधी म्हणतोस, मोहित?"

"परवा जेसीबी येते, मम्मी."

"मग उद्या जा सगळे. मी बाबांजवळ थांबते. त्यांची गोळी-पाणी पाहायला कुणीतरी पाहिजे." आणि जयाकडे वळून तिनं विचारलं, "माय, तुम्ही जाणार?"

जया म्हणाली, "मीच तर जायले पाह्यजे."

*

बेमेतरा गेलं, कवर्धा गेलं, घाट लागला.  गाडीत मोहित बापाशेजारी बसून वळणं सांगत होता, तेवढंच.

आमापाटची इमारत बाबुलालला वाटलं होतं त्याहून लांब निघाली. सूर्याच्या बाजूनं उघडा असलेला तो सत्तर-ऐंशी फुटांचा व्हरांडा पाहून त्याला समजलं, की इथं खाटा बाहेर काढून पेशंटला ऊन देत असतील. आता तिथं फरशा उखडून ठेवल्या होत्या. एका भिंतीचा रंग मजूर खरवडत होते: वर हिरवट फौजी रंग, त्याच्याखाली वसतिगृहातल्या मुलींसाठी रंगवलेले बाराखडी आणि पाढे, त्याच्याही खाली पांढरा चुना. तेराच्या पाढ्यावर मजुराची पट्टी चालत होती. फाटकावर नवा बोर्ड होता, त्यावर कमळ आणि ध्यान करणारी बाई.

मागच्या खोलीपुढं रुक्मा एका गाठोड्यावर बसली होती. बारीक, ताठ बाई. गाडीतून उतरलेल्या चार माणसांना पाहून ती उभी राहिली आणि पदर सारखा केला.

"सामान बांधून ठेवलं, साहेब," ती बाबुलालला म्हणाली. पन्नास वर्षांत तिची बोली छत्तीसगडी होऊन गेली होती, मराठी अडखळत येत होती. "खोली झाडली हे. अंगठा कहां देना हे?"

 मोहितच पुढं झाला. "आजी, हे साहेब नाहीत. माझे पप्पा आहेत. बाबुलाल. भिलाईवाले. बाबुलाल गुलाबराव कापगते."

रुक्मानं डोळे बारीक केले. 

"किती वर्साचा झाला?" तिनं विचारलं.

"छप्पन्न," बाबुलाल म्हणाला.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. सावकाश, पेरापेरानं. "हाव," ती म्हणाली. "छप्पन्नच." आणि ती पुन्हा गाठोड्यावर बसली.

बाबुलाल तिच्यापुढं जमिनीवर बसला. पाया पडावं की गळ्यात पडावं, त्याला कळेना. या बाईच्या अंगाचा वास त्याला आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. त्यानं तिचा पाय धरला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण अनोळखी माणसाच्या डोक्यावर ठेवावा तसा, जपून.

जया मागे उभी होती. ती पुढं आली. "बाई, मी जया. यायची दुसरी."

"मालूम हे. भाऊ सांगून गेल्ता माझा. मंग तोबी कधी आला नाई."

"तुमचं पत्र आलं होतं. यायच्या हाती नाई लागलं. मी जाळलं ते. मले वाटलं, तुमी येता म्हणून लिहिलं असन."

रुक्मा तिच्याकडे पाहत राहिली. "यायचं नव्हतं लिहिलं," ती म्हणाली. "सिस्टरकडून लिहून घेतलं होतं. पोराचा एक फोटो पाठवा, एवढंच. मी येत नाई, कोनाले सांगत बी नाई, फोटो पाठवा."

जयानं तोंडावर पदर घेतला.

"मी पुरं वाचलं नाई, बाई. नाव पाह्यलं आन…"

"भेली असशीन." रुक्माच्या बोलण्यात राग नव्हता, आणि जयाला तेच जास्त लागलं. "फोटो नाई आला, तवा मी समजले. एक फोटो कोन नाई देनार? पोरगा गेला असन म्हणून नाई पाठवत. सिस्टर म्हणे, आनिक लिहू. मी नोको म्हटलं. मेलेल्याचा फोटो मांगून त्यायले कावून रडवा."

"पण तुमी वय तर मोजत होत्या," मोहित म्हणाला.

"मोजाले का लागते?" रुक्मा म्हणाली. "वसतिगृहात पोरी होत्या. कोनी सातवीत गेली का वाटे, आता तो सातवीत असता. इतके फौजी पोट्टे होते, एकाचं लगन ठरलं का वाटे, आता त्याचं झालं असतं."

बाबुलाल उठला आणि रसोड्याच्या पलीकडे गेला. त्याचा हुंदका सगळ्यांनी ऐकला, पण कुणी त्याच्या मागे गेलं नाही.

परत आल्यावर तो म्हणाला, "घरी चल."

"भिलाईले नाई येत मी." हे मात्र रुक्मानं चाचरत म्हटलं नाही.

"मंग इथं कुठं राहशीन? उद्या पाडतेत हे."

"खाली गावात एकीनं पडवी देतो म्हटलं हे."

तेव्हा रेणू, जी सकाळपासून आईपासून वेगळी वेगळी बसत होती, पुढं आली आणि गाठोडं उचललं. "मोठी माय, भिलाईले नोको येऊ. नंदिनीले चल, माह्या घरी. मागं पेरूचं झाड हाये, खोली रिकामी हाये. मन नाई लागलं तर मीच आणून सोडीन."

रुक्मानं तिला नखशिखान्त पाहिलं. "तू हिची?"

"हाव. हिचीच."

तिनं विचार केला. मग उठली, आत जाऊन एक पितळी डबा आणि तवा घेऊन आली. कुलूप लावायला म्हणून हात वर गेला, पण कडीला कुलूप घालण्यासारखं आत काही नव्हतं. ती इमारतीकडे एकदाही वळून न पाहता गाडीत जाऊन बसली. मोहित वरच राहिला. त्याला संध्याकाळी कंपनीला कळवायचं होतं, मागची खोली रिकामी झाली म्हणून. फॉर्मवर अंगठा राहूनच गेला. त्यानं फॉर्म फाडला, मग दुसरा काढला आणि नाव न भरता नुसता 'रिक्त' असा शिक्का मारला.

*

गुलाबरावांनी त्या दिवशी दिपालीकडून दाढी करवून घेतली. धुतलेला शर्ट घातला. दुपारपासून खुर्ची टाकून अंगणात बसले आणि सेक्टरच्या रस्त्यावरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी पाहत राहिले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. आधी हात जोडायचे. ती आत येईल तर दिवाण तिला द्यायचा, आपण खाली झोपू. नाही आली, फाटकातूनच बोलली, तर तेही ऐकून घ्यायचं.

दिवेलागणीला गाडी आली. बाबुलाल एकटाच उतरला.

"कुठं हाये?" गुलाबरावांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला.

"नंदिनीले. रेणूकडे."

"आन जया?"

"तिथंच थांबली."

गुलाबराव पुन्हा बसले. प्लँटची शिफ्ट सुटली होती. सायकली, स्कूटर रस्त्यानं जात होत्या, ओळखीचे दोघं-तिघं हात करून गेले. बाबुलालनं गाडीचं दार लावलं, बापाच्या जवळून आत निघाला.

"बाबू, तिनं माझं काही विचारलं का?"

बाबुलाल थांबला. त्याला खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवसापर्यंत तो बोललाही असता.

"नाई, बाबा."

"शिव्या देल्ल्या असतीन."

"नाई देल्ल्या. रस्त्यानं पाच घंटे बोलत होती. भट्टीत गरमी किती राहते, दिपालीचं माहेर कुठलं, रेणूले लेकरं किती, सारं विचारलं. तुमचं नाव नाई घेतलं. मी वाट पाहत होतो, घेईन म्हणून."

तो आत गेला. बऱ्याच वेळानं दिपाली ताट घेऊन अंगणात आली आणि स्टुलावर ठेवून तिनं पाण्याचा तांब्या भरला.

"जया येऊ दे," गुलाबराव म्हणाले. "ती आल्यावर जेवतो."

 दिपालीनं ताटावरची झाकणी काढून बाजूला ठेवली.

"बाबा, आत्ताच मायचा फोन आला होता. उद्या यांच्या हातून माझे कपडे पाठव म्हणाल्या."

"किती दिवसांचे?"

"सगळेच," दिपाली म्हणाली.